तेवीसपैकी सतरा

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितो. चौदा महिन्यांत तुला तीनदा न्यूमोनिया झाला. डॉक्टरांना शंका आहे की जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं तुझं शरीर नीट बनवतच नाही. चौथ्यांदा झाला तर फुप्फुसं सावरतील, याची हमी ते देत नाहीत. शंका फेडायला एक तपासणी आहे. आधी रक्त घ्यायचं, मग न्यूमोनियाची लस द्यायची, पाच आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं. दोन्ही नमुने आमच्या प्रयोगशाळेत येतील; यंत्र मीच चालवतो.

तुझ्या शाळेच्या भाषेत सांगायचं तर लशीत तेवीस प्रकारच्या जंतूंचे अंश असतात, म्हणजे तेवीस विषय. लस ही शिकवणी, दुसरं रक्त ही परीक्षा. सतरा विषयांत निभावलं की शरीर शिकतंय असं धरतात. नाही निभावलं तर दर महिन्याला सलाइनमधून दुसऱ्यांची तयार प्रतिपिंडं देतात आणि माणूस धडधाकट राहतो. थोडक्यात, नापास झालीस तरच उपचार मिळतील. कृपा करून नुसती जा आणि हात पुढे कर.

मुख्याध्यापिकाबाईंचा राग सोसूनही लोभ टिकवून असलेला,
धाकटा


१९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

लस टोचून आले. रक्त काढणारी मुलगी मला तीनदा आजी म्हणाली; चौथ्यांदा म्हणाली नाही. तिथल्या सूचनाफलकावर पाच चुका होत्या, त्या जाता जाता पेनाने सुधारल्या.

पहिल्या रक्ताचा रिपोर्ट पोचला. तेवीसपैकी तीन! तो कागद कपाटात टॉवेलांच्या खाली ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, लशीआधीचे आकडे कमी असू शकतात, मनावर घेऊ नका. छत्तीस वर्षं मी पालकांना हेच सांगत आले आणि एकानेही ऐकलं नाही. का, ते आत्ता कळलं.

आणि त्या सलाइनचं मला सांगू नकोस. स्वावलंबनावर मी चारशे भाषणं ठोकली आहेत. आता म्हातारपणी लोकांच्या रक्तावर जगू? मी कुठल्याच परीक्षेला तयारीवाचून बसलेले नाही, हिलाही बसणार नाही. काय तयारी, ते विचारायचं नाही.

स्वेटर घालत जा. तुझ्यावर डोळा ठेवून असणारी,
ताई


३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अभिनंदन. तेवीसपैकी सतरा. अगदी काठावर, पण पास. माझा विश्वास बसेना म्हणून दोन्ही नमुने पुन्हा एकत्र लावले, तेच आकडे. गंमत म्हणजे चार प्रकार जागचे हललेसुद्धा नाहीत. वर्गात आले आणि बाकावर झोपले, असं काहीतरी. डॉक्टर म्हणतात, प्रतिकारशक्ती ठीक आहे, सलाइनची गरज नाही, दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधू.

मला आनंद व्हायला हवा. पण परवा फोनवर हॅलो म्हणायला तुला तीन श्वास लागले. सातवीत तू मला दोन गुणांनी नापास केलंस. आई रडली, तरी सख्ख्या भावाला कृपागुण दिले नाहीस. त्या ताईला काठावर पास करताना माझा हात थोडा अडखळला, इतकंच. सगळं नीट झालं होतं ना?

उत्तराची वाट बघणारा आणि मायेला पात्र असल्याचा दावा करणारा,
धाकटा


२१ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

रुग्णालयातून लिहितेय. खाट सात. चौथा न्यूमोनिया झाला. नाकात नळी असल्याने फार बोलता येत नाही. वॉर्डातले सगळे त्यावर खूश दिसतात.

तुझा सतराचा कागद फाइलीत सगळ्यात वर आहे. डॉक्टर रोज सकाळी तो बघतात, मग मला बघतात आणि म्हणतात, तुमची प्रतिकारशक्ती तर उत्तम आहे, मग हे होतंय कशानं? तीन दिवस मी मान डोलावली.

तर ऐक. लस घेतल्यावर दहा दिवसांनी मी मागच्या गल्लीतल्या बालरोगतज्ज्ञाकडे गेले. तो माझाच विद्यार्थी. न्यूमोनियाची आणखी एक लस असते, तान्ह्या बाळांना देतात ती. तिची बनावट वेगळी, मंद शरीरालाही ती शिकवते, असं मी वाचलं होतं. रडणाऱ्या आठ बाळांमध्ये नंबर लावून बसले. कशासाठी, हे विचारायला त्याने तोंड उघडलं; मी चष्म्यावरून पाहिलं; त्याने तोंड मिटलं आणि टोचलं. तीस वर्षांनीही शिस्त टिकून आहे, याचं तेव्हा मला कौतुक वाटलं.

याला मी जादा तास म्हणत होते. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं, तुला ठाऊक आहे. माझा निकाल रद्द कर. लेखी कर. मला नापास कर रे, नाहीतर हे लोक मला ठणठणीत म्हणत म्हणतच पोचवतील.

शरमलेली, पण अजून तुझ्यापेक्षा मोठी,
ताई


२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा कबुलीजबाब डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवला. चष्म्याचा भाग त्यांनी मला दोनदा वाचायला लावला.

निकाल रद्द करायची वेळच आली नाही. त्या चार झोपाळूंनी चुगली केली. ते चार प्रकार फक्त मोठ्यांच्या लशीत असतात, बाळांच्या लशीत नसतात. म्हणजे तुझी खरी परीक्षा त्या चार विषयांचीच झाली, आणि चारांतही तुला भोपळा. बाकी सगळी प्रगती बाळांच्या लशीची. एकूण प्रतिपिंडं काल मोजली, तीही तळाला आहेत. डॉक्टर म्हणाले, आता शंका उरली नाही. ताई, तू सपशेल नापास आहेस. हे लिहिताना मला इतका आनंद होईल, असं वाटलं नव्हतं.

तुझ्या त्या बालरोगतज्ज्ञाचाही फोन आला होता. बाईंनी माझ्याबद्दल सांगितलं का, विचारत होता. हो म्हटल्यावर तो खुर्चीतून उभा राहिला असावा.

सलाइन सोमवारी. नको म्हणणार असशील तर आत्ताच कळव, म्हणजे मला भांडायला येता येईल.

तुझ्या आशीर्वादाचं जुनं गिऱ्हाईक,
धाकटा


११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिली बाटली चढली. पुढच्या महिन्याची तारीखही हातात आहे. चार तास लागले. नकाराचं भाषण मी तयार ठेवलं होतं, पण दुसऱ्याच वाक्याला दम लागला आणि नर्सने तेवढ्यात शीर शोधून घेतली. बाटलीवरचा सगळा मजकूर भिंगातून वाचला. हजारो लोकांच्या रक्तातून हे काढलंय, एवढंच लिहिलंय. एकाचंही नाव नाही.

राहवेना म्हणून नर्सला विचारलं, हे देणारे लोक असतात तरी कसे? शिकलेले असतात का, वागायला बरे असतात का, काही चौकशी करता की नाही? ती टेप चिकटवत होती. मान वर न करताच म्हणाली, निरोगी असतात, बाई.

मी हात सरळ ठेवला.

कुणाकुणाच्या जोरावर का होईना, तुला दटावायला उरलेली,
ताई