हिरड्यांचं अतिक्रमण

३ जानेवारी
सोफे विकणाऱ्या माणसाचं खरं भांडवल म्हणजे हसू. माझं हसू तर अख्ख्या दुकानात प्रसिद्ध. आज आरशात दात जरा लहान वाटले. फार जोरात घासतो बहुतेक. संकल्प: उद्यापासून ब्रश हलक्या हाताने.

१९ जानेवारी
बायकोचं म्हणणं, दात लहान झालेले नाहीत, हिरड्या वाढल्यात. दाताच्या डॉक्टरांकडे जा म्हणाली. मी समजावलं की या वयात लोकांच्या हिरड्या झिजतात, माझ्या वाढतायत. याला तब्येत म्हणतात. ती उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

८ फेब्रुवारी
हिरड्या निम्म्या दातांवर उतरल्या. खुर्ची बघायला आलेल्या एका आजीबाईंनी प्रेमाने विचारलं, कवळी सैल झालीय का? आता ओठ मिटून हसतो. गूढ दिसतं. मालक म्हणाले, पोट दुखत असेल तर घरी जा.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
बायकोच्या समाधानासाठी दाताच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, रोजचं काही औषध चालू आहे का? मी ठणकावून सांगितलं, नाही! बायको म्हणाली, "आणि बीपीची गोळी?" आता ती काय औषध आहे? इतकी वर्षं घेतोय, सवय आहे नुसती. बाई म्हणाल्या, क्वचित कुणाच्या हिरड्या या गोळीने अशा वाढतात. तुमच्या डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील. स्वतःहून मात्र बंद करू नका.
परतताना विचार केला. क्वचित कुणाला होतं ते मला झालं, म्हणजे माझं शरीर असामान्य. त्याला सामान्य नियम कशाला? गोळी बंद. बायकोला सांगितलं, डॉक्टरांशी फोनवर बोललो, बदलून देतायत. बोलणारच आहे.

२ मार्च
झकास वाटतंय. चेहऱ्यावर लाली आलीय, तेज म्हणतात ते हेच. डोकं थोडं जड. पेपर बारकाईने वाचतो ना हल्ली. फोन सोमवारी नक्की.

११ मार्च
खाली वाकलं की दुकान फिरतं. हवाच खराब आहे. डॉक्टरांचा फोन लागला नाही. म्हणजे, लावला असता तरी लागला नसता.

१४ मार्च, हॉस्पिटल
काल एका जोडप्याला रिक्लायनर दाखवत होतो. "असं रेलायचं" म्हणून रेललो. पुढचं आठवत नाही. मालक सांगतात, मला झोप लागली असं जोडप्याला वाटलं. विकणाराच झोपतो इतकी आरामाची खुर्ची! त्यांनी लगेच घेतली. मालकांनी बिल केलं, मग मला हलवून पाहिलं, मग ॲम्ब्युलन्स.
बीपी किती होतं ते नर्सने सांगितलं नाही. दुसऱ्या नर्सला बोलावून आकडा दाखवला फक्त. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात.
बायको खाटेशी बसून होती. ती ओरडेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ओरडली नाही. म्हणाली, "बोळक्या तोंडाचा नवरा चालला असता हो मला." आणि रडायलाच लागली. उत्तर मनातच राहिलं. तसं ते फार चांगलं नव्हतंच.

२० मार्च
नवी गोळी. बायको स्वतः हातावर ठेवते, गिळेपर्यंत समोर उभी राहते, मग "आ करा" म्हणते. माझ्यावर इतका अविश्वास! आ केला.

२६ एप्रिल
हिरड्या थोड्या आपोआप ओसरल्या. उरलेल्या आज डॉक्टरबाईंनी कापल्या. म्हणाल्या, आठवडाभर हसायचं नाही, बोलणं शक्यतो बंद. बायकोने विचारलं, दोन आठवडे केलं तर काही अपाय नाही ना? मी कडाडून विरोध केला. तोंडात कापूस होता. दोघींनाही तो होकार वाटला.