सर्व्हरचा पत्ता एकशे आठ

३ नोव्हेंबर, सोमवार
संध्याकाळच्या दूध संकलनाला सर्व्हर पुन्हा गायब. दिवाळीपासून हेच चाललंय. काउंटरवर वजन होतं, फॅट लागते, पण आकडा आतल्या खोलीतल्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही, म्हणून पावती निघत नाही. लोक कॅन घेऊन ताटकळत. गोजरबाई म्हणाल्या, दूध नासलं तर तुमी पिनार का? हसून टाळलं. संस्थेचा कॉम्प्युटर इन-चार्ज मी आहे. या आठवड्यात छडा लावणारच.

४ नोव्हेंबर
माझा नवा लॅपटॉप रोज लाईनला असतोच, त्यावर ट्रेस लावला. काउंटर आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते सगळं पडद्यावर दिसतं. आज एवढंच दिसलं की काउंटर हाका मारतो आणि सर्व्हर ओ देत नाही. म्हणजे पुष्कळच माहिती मिळाली. निष्कर्ष उद्या.

६ नोव्हेंबर
चेअरमन आप्पासाहेबांनी चारचौघांत विचारलं, सर, नेमकं हाय तरी काय? काहीतरी बोलणं भाग होतं. काउंटरवरची स्नेहल तेवढ्यात मोबाईल चार्जिंगला लावत होती. म्हणालो, मोबाईलचा अडथळा असू शकतो. हा आरोप नव्हे. शक्यता.

७ नोव्हेंबर
स्नेहलला काउंटरवरून उठवून कॅन धुवायला लावलं. मला म्हणाली, सर, तुमी तरी सांगा की त्यांना. मी म्हणालो, ट्रेस चालू आहे. आप्पासाहेबांना माझ्या वाक्यातला 'शकतो' ऐकू आला नसावा.

९ नोव्हेंबर, रविवार
सुट्टी. लॅपटॉप घेऊन केडगावला घरी. फोनवर कळलं, आज लाईन एकदाही तुटली नाही. म्हणजे माझी शक्यता खरी ठरली. तरी जेवण गेलं नाही. वांगी कडू असावीत.

११ नोव्हेंबर, सकाळी
सापडलं. लाईनवर प्रत्येक मशीनला आकड्यांचा स्वतःचा पत्ता असतो, पण ट्रेसमध्ये सर्व्हरच्या पत्त्यावरून दोन मशीन उत्तर देताहेत. काउंटरचा निरोप भलत्याच घरी जातो. ते भलतं घर म्हणजे माझा लॅपटॉप. सर्व्हर बसवताना शुभ म्हणून त्याच्या पत्त्याच्या शेवटी मी १०८ घातले होते. यंदा पाडव्याला लॅपटॉप घेतला, हळदकुंकू वाहिलं, आणि त्यालाही १०८च दिले. भावना शुद्ध होती. लॅपटॉपचा आकडा बदलला, सर्व्हर लगेच बोलू लागला. आजच आप्पासाहेबांना सगळं सांगायचं. शब्दसुद्धा ठरवले.

११ नोव्हेंबर, संध्याकाळी
आप्पासाहेब राहात्याला गेलेत. फोन होता, पण असल्या गोष्टी समोरासमोरच सांगाव्यात.

१३ नोव्हेंबर
पावत्या धडाधड निघताहेत. संस्थेत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. आज सांगितलं असतं तर कार्यक्रमाचा विरस झाला असता. स्नेहल मागे उभी राहून ओल्या हातांनी टाळ्या वाजवत होती. शाल फार टोचते.

१५ नोव्हेंबर
सांगितलं! अगदी स्पष्ट. म्हणालो, दोष तांत्रिक होता, बहुधा आमच्याच बाजूचा, स्नेहलचा तितकासा नसावा. आप्पासाहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, पोरीसाठी सोताच्या अंगावर घेताय, लई मोठं मन हाय तुमचं. पण काउंटरवर आता त्यांची भाची मोनिका बसली आहे, तिला उठवता येणार नाही म्हणाले. मी आणखी स्पष्ट बोलणार होतो, तेवढ्यात चहा आला.

१७ नोव्हेंबर
स्नेहल खोलीवर आली. गाय व्याली म्हणून खरवस आणला होता. म्हणाली, आप्पासाहेबांनी सांगितलं, तुमी माझ्यासाठी भांडला म्हनं. घरीबी कुणी माझं खरं मानलं न्हाई, सर. तुमी मानलं. तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ता, या क्षणी सांगायचं म्हणून तोंड उघडलं. ती म्हणाली, आधी खाऊन तर बघा.
तीन वड्या खाल्ल्या. वेलदोडा छान पडला होता.
जाताना तिने रिकामा डबा मागितला. तसाच दिला नाही. मी स्वतः घासला.