'मंगळावरची रात्रपाळी', प्रती तीनशे

१ जानेवारी १९९६. सकाळी सहा.
नवी डायरी. मिलच्या शेठकडून मिळालेली, वर गणपती आणि आत साड्यांची जाहिरात. तरी कागद बरा आहे.
संकल्प: दर आठवड्याला एक इंग्रजी विज्ञान कादंबरी संपवणे. दुसऱ्या कादंबरीची रोज पाच पानं लिहिणे. पहिली (मंगळावरची रात्रपाळी) याच महिन्यात स्वखर्चाने छापणे. पुण्याच्या तीन प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं, त्याअर्थी ते काळाच्या पुढचं आहे.
मिलमध्ये कादंबरीचा विषय आपण होऊन काढायचा नाही. कुणी विचारलंच तर सविस्तर सांगायचं.

१ जानेवारी. दुपार.
कुणी विचारलं नाही. विषय मीच काढला.

८ जानेवारी.
चौकातल्या रद्दीवाल्याकडून आणलेली अमेरिकन कादंबरी: पान १९. डिक्शनरी: पान ३४०. डिक्शनरीत प्रगती जास्त आहे.

१४ जानेवारी. संक्रांत.
पतंगांमुळे लेखन बंद. अंतराळावर लिहिणाऱ्याने आकाशाचा अभ्यास करायलाच हवा म्हणून दिवसभर गच्चीवर. अमेरिकन कादंबरीची शेवटची पानं चाळली, तर यान ग्रहावर उतरतं आहे आणि वाक्य मध्येच संपतं. पुढे पुठ्ठा. शेवट वाचकावर सोडण्याचं हे तंत्र मला नवीन होतं. वापरून पाहावं.

२१ जानेवारी. रविवार.
प्रेसवाल्या मगनभाईंनी प्रुफं पाठवली. आज सगळी बारकाईने तपासायची.
पहिलं पान तीनदा वाचलं. इतकं जमलंय की पुढे चुका शोधणं म्हणजे लेखकाचा अपमान. सगळीकडे सही केली. मग झोप लागली.

१० फेब्रुवारी.
पुस्तकं आली! टेम्पोतून. तीनशे. गोडादरा वस्तीतल्या आमच्या दीड खोलीत खाटेखाली दोनशे, उरलेली तांदळाच्या पिंपावर. बायकोने, उषाने, विचारलं की तांदूळ आता कुठून काढायचा. महान लेखकांच्या घरी असे प्रश्न पडत नसावेत.
मुखपृष्ठ साड्यांच्या दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरचं. त्याने मंगळाला जरीचा काठ काढलाय. सांगून पाहिलं. म्हणाला, काठाशिवाय उठाव येत नाही.
एक प्रत उशाशी ठेवून झोपणार. रोज थोडी वाचणार.

१८ फेब्रुवारी. भेस्तान.
मिलमधल्या एकाच्या मुलीचं लग्न. भांड्याऐवजी कादंबरीचा आहेर केला. आहेर पुकारणारा माईकवरून म्हणाला, "हिलाल आप्पांकडून... एक वही." दुरुस्ती करायला मी मांडवात गेलो, तोवर तो पुढच्या पातेल्यावर पोचला होता. तरी माईकवरून नाव गेलं. ही सुरुवात आहे.
उशाशी ठेवलेली प्रत उघडली. माझं नाव आणि अर्पणपत्रिका वाचली. छान वाटलं.

५ मार्च.
अभिप्राय येऊ लागले. फोल्डिंग खात्यात माझ्या हाताखाली असलेला दत्तू म्हणाला, "एक नंबर, साहेब. मधला भाग तर सुटतच नाही." मी विचारलं, मधला म्हणजे नेमका कुठला? तो म्हणाला, सगळाच मधला. साध्या माणसाची जाण कधी कधी विद्वानांना लाजवते.
दत्तूची सुट्टी मंजूर केली. दोन्हींचा काही संबंध नाही.

११ मार्च.
शेजारणीने प्रत परत केली. म्हणाली, उशीखाली ठेवून पाहिली, मान दुखते.

२० मार्च.
आज खरं लिहितो, इथे कोण बघतंय? एकशे चौदा प्रती वाटल्या. सगळे म्हणतात छान आहे. पण डॉ. सुवर्णा यानाबाहेर दोराला लटकलेली असताना विक्रांत तिला कशी वाचवतो, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी त्या प्रसंगासाठी चार महिने घालवले. मला गर्दी नको. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला एक माणूस हवा. एकच. फार मागत नाही मी.
(पुरस्कार मिळाला तर नाही म्हणणार नाही.)

२५ मार्च.
मनाजोगतं झालं! आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष धर्मेंद्र सर माझ्या कादंबरीवर परिसंवाद ठेवतायत. रविवार ७ एप्रिल, दुपारी चार, नगरपालिकेच्या शाळेचा हॉल. सर स्वतः बोलणार. सरांनी नक्की वाचली असणार, मास्तर माणूस.
अमेरिकन कादंबरी: पान २२.

७ एप्रिल. संध्याकाळी साडेसात.
क्रमाने लिहितो.
माणसं बावीस. उषा घरी सगळ्यांसाठी पोहे करत होती, तिला यायला जमलं नाही. धर्मेंद्र सर चाळीस मिनिटं बोलले. म्हणाले, या कादंबरीचा गाभा तिच्या मध्यभागी आहे, तिथे माणसाचं अंतराळातलं एकटेपण अक्षरशः अंगावर येतं. टाळ्या. दत्तूनेही दोन शब्द सांगितले, ते सरांचेच होते.
तेवढ्यात निंबा आला. निंबा म्हणजे उषाचा भाऊ, चलथाणकडे ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. बहिणीसाठी गूळ आणला होता आणि बाहेर ट्रक उभा होता. मी स्टेजवर, म्हणून तो मागे बसला आणि चहा येईपर्यंत त्याने पुस्तक मधूनच उघडलं. मग उभा राहिला.
"दाजी, हाई ते आमनं पुस्तक शे!"
मला वाटलं, 'आमचं पुस्तक' असं आपुलकीने म्हणतोय. मी हात जोडले. तर तो पान ४९ मोठ्याने वाचू लागला: 'कोयता जमिनीलगत चालवावा. बुडख्यात साखर जास्त असते. मोळी दोन ठिकाणी बांधावी.'
सर उठले आणि म्हणाले, हे लेखकाने वापरलेलं प्रतीक आहे. मी मान हलवली. देवाशपथ, दोन मिनिटं मलाही ते प्रतीकच वाटलं.
निंबाने सांगितलं की ठेकेदाराने टोळीसाठी मराठीत सूचनांची पुस्तिका छापून घेतली होती. हातात आली तेव्हा आत कुणी बाई गाडीबाहेर दोराला लटकलेली. ऊस कुठेच नाही. सगळ्या प्रती चुलीला गेल्या.
मग बावीसच्या बावीस माणसं हसली. सरही. निंबा गुळाची ढेप माझ्या हातात देऊन ट्रककडे पळाला. घरी उषाला ढेप तेवढी दिली, हॉलमधलं सांगितलं नाही.

८ एप्रिल.
मिलला दांडी. घरातल्या उरलेल्या सगळ्या प्रती तपासल्या. प्रत्येकीत तेच. पान ४८ वर विक्रांत लाल खटका दाबतो आणि पान ४९ ते ६४ ऊस तोडतो. पान ६५ वर त्याचं सुवर्णाशी लग्न.
मगनभाईंकडे गेलो. एकाच आठवड्यात दोन मराठी कामं, एकाच मापाचा कागद, बाइंडरला दोन्ही सारखीच; त्याने सोळा पानं इकडची तिकडे शिवली. मी आवाज चढवला. ते शांतपणे गुजरातीत म्हणाले, "बे महिनाथी चोपडी तमारा घरमां छे, हिलालभाई. तमे वांची नथी?"
दोन महिने पुस्तक घरात आहे, वाचलं नाही का, म्हणे. घरी येताना याला तीन उत्तरं सुचली, पण उशीर झाला होता.
एकशे चौदा माणसं. कुणीही नाही. मीही नाही. फार वाईट वाटतंय.

९ एप्रिल. दुपार.
ती सोळा पानं फाडायला बसलो होतो. उषाने हात धरला. म्हणाली, "हाई पानं नका फाडू."
तिने वाचलंय. सगळं. सातवी शिकलेली माझी बायको, रोज दुपारी धुणं झाल्यावर दोन-दोन पानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोनदा. तिने विचारलं की सुवर्णा तीन महिने यानात काहीच का खात नाही. कादंबरी लिहायला पाच वर्षं लागली, त्यात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. विक्रांतबद्दल म्हणाली, शिकलेला माणूस एवढ्या लांब गेला, "तठे बी ऊसच तोडना पडस." तिथे तिला रडू आलं.
आणि 'लहान मुलांना गाडीखाली झोपवू नये' हे वाक्य तिला पाठ आहे. तिची आई तिला तसंच झोपवायची, उसाच्या फडावर. तेव्हा असं सांगणारं कुणी नव्हतं. बाकी यानाबिनाचं ठीक आहे, म्हणाली, पण ही पानं तुम्ही जीव ओतून लिहिलीत. माझ्यासाठीच लिहिलीत ना?
ती माझी नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडलं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नानंतर फारशी बघितलेली नाही.
मी हो म्हटलं.
निंबा येत्या रविवारी जेवायला येतोय.