बुंध्याशी ठेवलेलं मीठ

इवातानी,
८ सप्टेंबर १९८६

चि. मित्सुयोस ताईचे आशीर्वाद.

तुझं पार्सल परवा पोचलं. वाळवलेलं समुद्रशेवाळ, हिरव्या चहाचा पुडा आणि आईचे लोकरी मोजे. टपालखर्च सहाशे येन झालेला दिसतो. तेवढ्यात आमच्याकडे आठवडाभराचा तोफू येतो. शेवाळ पुन्हा पाठवू नकोस, इथे स्वस्त मिळतं. मोजे मात्र आईने लगेच चढवले, अजून उकडतंय तरी.

बाकी सर्व ठीक. तसं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं.

देवळातली दोन्ही हिनोकीची झाडं वाळली. तोरी कमानीतून आत गेलं की उजव्या-डाव्या हाताला असायची ती, पेंढ्याचा पवित्र दोर बांधलेली. युद्धात आरमाराची माणसं ती तोडायला आली तेव्हा आपली आजी बुंध्याला पाठ लावून बसली होती, आधी मला कापा म्हणून. आठशे वर्षांत आगी झाल्या, वादळं झाली, आरमार झालं. ती टिकली आणि या एका उन्हाळ्यात गेली.

वाळली म्हणेस्तोवर लाकडाचा व्यापारी दारात. पुजाऱ्यापुढे सुतकी तोंड करून म्हणाला, पडलं तर कुणाच्या तरी डोक्यावर पडेल, मीच नेतो. पंचांनी विकायचं ठरवलं. एवढं जुनं हिनोकी आता कुठे मिळत नाही, कुठल्याशा मोठ्या मंदिराचे खांब होणार म्हणे. म्हणजे एका देवाचं काढून दुसऱ्याला.

गेल्या आठवड्यात झाडलोटीची पाळी माझी होती. बुंध्यावरचं शेवाळ खरवडलं तर खाली भोकं. गिरमिटाने पाडलेली, आत तणनाशक ओतून वरून लाकडाच्या खुंट्या ठोकलेल्या. वास अजून येतो.

आता पुढचं. वसंतात त्याच बुंध्याशी मला एक पांढरी ताटली मिळाली होती, निळ्या काठाची. तिच्यात चिमूटभर मीठ होतं, शेजारच्या मातीला साके दारूचा वास. झाड तोडण्याआधी सुतार माफी मागून तसं ठेवतात, हे मला ठाऊक नाही का? पण तोडायचं तर कुणाच्या मनात नव्हतं. मला वाटलं, कुणी भाविक असेल. चांगली ताटली वाया कशाला, म्हणून घासून घरच्या देवाच्या फळीवर ठेवली. सहा महिने तिच्यात देवाला पाणी दिलं गं मी.

परवा मोजे द्यायला आईकडे गेले. तिच्या फडताळात तशाच निळ्या काठाच्या ताटल्या, एक कमी. विचारलं, तर आई कौतुकाने म्हणाली, "तोकुजीने नेली. देवाच्या कामाला हवी म्हणाला."

आपला तोकुजी, सख्खा भाऊ. देवळं बांधणारा सुतार. यंदाच्या उत्सवात देवाच्या पालखीचा पुढचा दांडा धरायचा मानही त्याचाच.

त्याला मागल्या अंगणात गाठलं. नाकारलंसुद्धा नाही. आधी म्हणाला, झाडं आतून पोखरलीच होती. मग म्हणाला, ते खांब मीच घडवणार, असं लाकूड हाताखाली यावं म्हणून सुतार जन्मभर वाट बघतो.

"ताई, तू तर असं बोलतेस, जणू मी देवाचा गळाच घोटला."

"मग काय केलंस? वारा घातलास?"

"हात धुतले, चूळ भरली, मीठ ठेवलं, साके वाहिली. झाडाला विचारल्याशिवाय गिरमिट लावलं नाही."

मित्सुयो, चोराची मला एवढी शिसारी आली नसती. चोर निदान देवाकडे पाठ फिरवून चोरतो. हा नमस्कार करून विष घालतो, आणि वर त्याला वाटतं आपण रीत पाळली. त्याच्या हातचा चहा मी तसाच टाकून आले.

ताटली मी फोडली.

रविवारी देवळात पंचांची बैठक आहे. ह्यांनी सांगितलं, घरचं घरात ठेव. पुजाऱ्यालाही बहुधा तेच आवडेल. मी बोलणार आहे. तोकुजीने त्या दांड्याला हात लावायचा नाही.

पण आई त्याच्याच घरात राहते. अजून रोज सकाळी काठी टेकत जाऊन त्या वाळल्या बुंध्याला हात लावते. म्हणते, पालवी फुटेल. लेकाची करणी तिने गावाच्या तोंडून ऐकू नये. कळायचंच तर तुझ्या घरी, तुझ्या तोंडून कळू दे. शनिवारच्या आत येऊन तिला कोबेला घेऊन जाशील का? तुझी जागा लहान आहे, जावईबापू कुरकुरतील, सगळं ठाऊक आहे.

हो की नाही, एवढंच उलट टपाली कळव. नाही म्हणालीस तरी रविवारी मी बोलणारच.

तुझी ताई,
साकाए