मामाचं मलम आणि चमकलेलं पान

प्रिय आईस, दोन्ही हात जोडून नमस्कार. हातांची खाज मामाच्या मलमाने पार गेली, हे आधी सांगते. जेवण वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे?

आता पुढचं शांतपणे वाच. फोनवर तू तुझ्या भावाची, मामाची बाजू घेऊन मला गप्प करतेस, म्हणून लिहिते आहे.

आम्ही प्रयोगशाळेत प्राण्याच्या पेशीतला एक खटका तंबाखूच्या रोपात बसवलाय. स्टिरॉइडचं औषध लागलं की तो रोपातलं जनुक चालू करतो आणि पान अंधारात चमकतं. नुसतं पाणी दिलेलं पान काळंच राहायला हवं. माझं चमकलं, तेही बोटांच्या ठशांसारखं! सर उखडले, "कशाला हात लावून आलीस?"

हातमोज्यांनी खाज वाढायची, म्हणून मलम लावलेल्या उघड्या हातांनीच मी पानं धरली होती.

मग मलमाचं बोट मुद्दाम दुसऱ्या पानाला लावलं. तेही चमकलं. मामा ज्याला शुद्ध झाडपाला म्हणतो, त्या मलमात हे स्टिरॉइड आलं कुठून? मामाशी भांडू नकोस, त्यालाही कुणी फसवलं असेल.

पण त्याच्या हाताला गुण आहे म्हणत तू दादाच्या बाळाला तेच रोज अंगभर चोळतेस. मलमाची डबी बरोबर घे आणि आजच बाळाला डॉक्टरांकडे ने.

तू कौतुकाने लिहिलंस, बाळाने छान बाळसं धरलंय, गाल कसे गोल गोल झालेत. आई, स्टिरॉइड अंगात भिनलं की चेहरा असाच गोल सुजतो; मला त्या गालांचीच धास्ती वाटते.

तुझी भांडखोर लेक