गोत्राचा रकाना

बुधवार संध्याकाळ, कोपरी

आमच्या मंगल कार्यालयाच्या वेबसाइटचा सर्व्हर आठवडाभर रोज कोसळतोय. आज डिबगर लावून बसलो. प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवत गेलो आणि 'गोत्र' या रकान्यापाशी सर्व्हरने मान टाकली. रकाना रिकामा असला तर काय करायचं, हे लिहिलेलंच नाही. लिहिणारा मीच. गोत्र नसलेला माणूस मला सुचलाच कसा नाही?

रिकामा ठेवणारे शेजारचे मिंगेलकाका, ख्रिस्ती. लेकीच्या रिसेप्शनसाठी रोज हॉल बुक करायला बघतायत. वर मीच त्यांना चिडवत होतो, "काका, तुमचं नेट कल्याणहून चालत येतं का?"

फोन करून कबूल केलं. हसले. "अरे, मग घाल ना तुझंच गोत्र! पण हॉल मिळेल ना?"

यादी उघडली. त्यांची तारीख आज सकाळीच कुणीतरी घेतलेली. गोत्रासकट.