गादीखालचा माइक

तीर्थस्वरूप मामा यांना,

भाच्याचा दुरूनच, पण पार वाकून नमस्कार. गुडघा, झोप आणि मुख्य म्हणजे राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. (मी बरा आहे असं तुमची सूनबाई म्हणते. मला तसं वाटत नाही.)

तर मामा, तुमच्या आज्ञेप्रमाणे हौशी रेडिओचा परवाना अखेर मिळाला. मामी गेल्यापासून तुम्ही एकच धोशा लावला होता, की फोनवर बोलणं मला जमत नाही, परवाना काढ आणि रोज संध्याकाळी रेडिओवर भेट. मी पडलो चष्म्याच्या दुकानातला माणूस. काच एवढी जाड का, असं गिऱ्हाइकाने विचारलं तरी मला घाम फुटतो. लेखी परीक्षा निभावली, कारण कागद डोळे वटारत नाही. तोंडी परीक्षेला मात्र समोर परीक्षक बाई. त्यांनी विचारलं, संकटात सापडलेल्या माणसाची हाक रेडिओवर ऐकू आली तर आधी काय कराल? मी खरं तेच सांगितलं, घाबरेन. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. (त्यांचा नंबर वाढलेला होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.) मग मी चाचरत म्हणालो, की घाबरलो की माझी वाचा बसते, त्यामुळे मी मध्ये बोलणार नाही, नुसतं ऐकेन आणि ऐकलेलं लिहून घेईन. तेच बरोबर उत्तर निघालं! भित्रेपणा आयुष्यात पहिल्यांदा कामी आला.

सेट आला, गच्चीवर तार ताणली, आणि आपल्या रेडिओ क्लबच्या संध्याकाळच्या हजेरीत तुम्ही माझं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओतलं नाव, पुकारलंत. किती मायेने पुकारलंत! माझा अंगठा माइकच्या बटणावर आणि जीव मुठीत. सगळं गाव ऐकत असणार! उद्या बघू म्हणून मी सेटचा आवाज बंद केला आणि चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून माइक सोफ्याच्या गादीखाली सारून खबरदारीने वर बसलो. सेटवर लाल दिवा लागला. लाल म्हणजे थांबलेलं, असं समजून मला फार हायसं वाटलं. प्रत्यक्षात बटण माझ्याच वजनाने दाबलं गेलं होतं आणि आमच्या घरातलं बोलणं क्लबभर चाललं होतं. दुसऱ्या दिवशी क्लबचे सचिव दुकानात आले. म्हणाले, "काल छान बोललात हो. फक्त तुमचं बटण सुटेपर्यंत आम्हाला कुणाला बोलता आलं नाही." परवाना जातो की काय, या धास्तीने मी त्यांच्या चष्म्याच्या काचा तीनदा पुसून दिल्या. समज देऊन सोडलं. बोलणं तसं किरकोळच होतं. गळक्या नळाविषयी, थोडं सचिवांच्या आवाजाविषयी.

बाकी ठीक. लोभ आहेच, तो हे पत्र वाचल्यावरही राहावा.

आपला भाचा

ता.क. किरकोळ असं वर लिहिलंय, ते खोटं. बोलणं तुमच्याविषयी होतं. सूनबाई म्हणाली, मामा एकटे पडलेत, मागची खोली रिकामी आहे, त्यांना इकडेच आणू या. मी म्हणालो, नको गं, मला मामांची भीती वाटते, ते रोज समोर जेवायला बसले तर घास उतरायचा नाही. असं मी म्हणालो खरं, ते नाकारत नाही. तेव्हापासून तुम्ही हजेरीला आला नाहीत. सचिव तुमचं कॉलसाइन पुकारतात आणि नुसती खरखर येते. मामा, तुमची भीती लहानपणापासूनची, तिची मला सवय आहे. ही खरखर सोसवत नाही. रागावलात, आजारी पडलात, की घरात पडलाबिडलात, काही कळत नाही. आमच्याकडे राहायला या. घास उतरेल कसाबसा.

ता.क. २. सूनबाईने खोली आवरली आहे. अँटेनाची तार मी तुमच्या खिडकीत आणली आहे. (मी आणली आहे, त्यामुळे ती तुम्हालाच नीट करावी लागेल.)

ता.क. ३. पोस्टाने पोचेपर्यंत दम निघेना, म्हणून पत्र घेऊन स्वतःच आलो. आत तुमच्या सपाता फरफटताना ऐकू आल्या आणि जिवात जीव आला. बेल वाजवायची हिंमत मात्र होत नाही. हे तुमच्या जिन्यात बसून लिहितोय आणि दाराखालून सरकवतोय. मी बाहेरच आहे. रागवायचं असेल तर आत घेऊन रागवा, शेजारच्या बाई दार किलकिलं करून बघतायत.